पहिल्या क्रमांकाचा जीव टांगणीला : स्पेनच्या सेगुंदाचा २०१३-१४ चा हंगाम

स्पेनच्या व्यावसायिक फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीला तिथे सगळे ‘सेगुंदा’ म्हणतात. या सेगुंदाचा २०१३-१४ चा अंतिम गुणतक्ता पाहिला, की पहिल्या नजरेत त्यात काही वावगे दिसत नाही. बावीस संघ, प्रत्येकाचे बेचाळीस सामने आणि त्या सामन्यांचे गुण. मात्र पुढच्या दोन महिन्यांत या संघांचे काय झाले ते शोधू लागले, की तक्ता आणि वास्तव यांचा मेळ बसेनासा होतो. पहिल्या क्रमांकाच्या संघाला वर जाण्याऐवजी तिसऱ्या श्रेणीत ढकलले जाण्याची भीती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला वर जाण्याचा अधिकारच नव्हता. चौथ्या क्रमांकाच्या संघाची रवानगी ऑगस्टमध्ये तिसऱ्या श्रेणीत झाली आणि त्यामुळे मैदानावर हरून खाली गेलेला एक संघ वाचला. सातव्या क्रमांकाचा संघ मात्र बेचाळीस वर्षांनी पहिल्या श्रेणीत पोहोचला. फुटबॉलचा निकाल मैदानावर लागतो ही आपली समजूत या एका हंगामापुरती तरी अर्धीच खरी होती. उरलेला अर्धा निकाल ताळेबंद आणि नियमपुस्तकांनी लावला.

सेगुंदाची रचना थोडक्यात सांगतो. त्या काळात पहिले दोन संघ थेट वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रिमेरात, जात आणि पुढचे चार संघ तिसऱ्या जागेसाठी प्ले-ऑफ खेळत. शेवटचे चार संघ ‘सेगुंदा बे’त, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, घसरत. ती वीस-वीस संघांच्या चार गटांत विखुरलेली होती आणि व्यावसायिक लीगच्या छत्राबाहेर होती. एकदा तिच्यात पडलेला क्लब वर यायला वर्षानुवर्षे लागू शकतात, म्हणून सेगुंदात तळाची भीती ही शिखराच्या ओढीइतकीच तीव्र असते. शिवाय दूरचित्रवाणीचे हक्क त्या वेळी प्रत्येक क्लब स्वतंत्रपणे विकत असे. ते एकत्रित विकण्याचा कायदा २०१५ मध्ये आला. तोपर्यंत लहान गावातल्या क्लबाच्या हाती जे पडे, त्यात खेळाडूंचे पगार भागवणेही सोपे नव्हते.

अशा श्रेणीत त्या वर्षी अव्वल आला एइबार. हे नाव तोपर्यंत स्पेनबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. बास्क प्रांतातल्या गिपुस्कोआ जिल्ह्यात, बिल्बाओ आणि सान सेबास्तियान यांच्या दरम्यान, डोंगरांच्या चिंचोळ्या घळीत वसलेले हे जेमतेम सत्तावीस हजार वस्तीचे औद्योगिक गाव आहे. बंदुका बनवणे हा या गावाचा शेकडो वर्षांचा धंदा, म्हणून क्लबाच्या खेळाडूंना आजही ‘आर्मेरोस’, म्हणजे बंदूक-कारागीर, म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा इथल्या कारागिरांनी तीच यंत्रे आणि तेच हात दुसऱ्या कामाला लावले. ओर्बेया आणि बे-आचे या सायकली बंदुकांच्या कारखान्यांतूनच जन्मल्या. आल्फा हे शिलाई यंत्र तर १९२० साली कामगारांनी स्थापन केलेल्या शस्त्र-सहकारी संस्थेने बनवले. १४ एप्रिल १९३१ रोजी, माद्रिदमध्ये घोषणा होण्याआधीच, एइबारने पहाटे स्पेनच्या दुसऱ्या प्रजासत्ताकाचा झेंडा उभारला. त्याच गावावर १९३७ मध्ये यादवी युद्धात बॉम्ब पडले आणि ते मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाले. फुटबॉल क्लब स्थापन झाला १९४० साली, त्या पडझडीनंतर. हा इतिहास इथे मांडण्याचे कारण असे, की पुढे क्लबावर जो प्रसंग आला त्याला गावाने जे उत्तर दिले, ते या पार्श्वभूमीवाचून कळत नाही.

एइबारचे मैदान इपुरुआ. तेव्हा त्याची क्षमता पाच हजारांच्या थोडी वर होती. मैदानाला खेटूनच उंच निवासी इमारती उभ्या आहेत, त्यामुळे काही कुटुंबांना गॅलरीत उभे राहून सामना पाहता येतो. पाहुण्या संघाला इथे खेळणे कधीच सुखाचे वाटले नाही, कारण मैदान लहान, हवा ओली आणि प्रेक्षक अगदी अंगावर. प्रशिक्षक गाइस्का गारितानो स्वतः या क्लबाकडून खेळलेले. त्यांच्या हाताखाली संघ आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, सेगुंदा बे मधून चार वर्षांनी वर आला होता. त्या तिसऱ्या श्रेणीत असतानाच त्यांनी राजाच्या चषकात अॅथलेटिक बिल्बाओला स्पर्धेबाहेर काढले होते, म्हणजे जाणकारांना चाहूल लागायला हरकत नव्हती. तरीही हंगामाच्या सुरुवातीला त्यांचे उद्दिष्ट टिकून राहण्याचेच होते आणि त्यांचा खर्च श्रेणीतल्या सर्वांत लहान खर्चांपैकी होता.

त्यांच्या खेळात दिपवून टाकणारे फारसे काही नव्हते. बेचाळीस सामन्यांत त्यांनी अवघे २८ गोल स्वीकारले, आणि गोलरक्षक शाबी इरुरेताला त्या श्रेणीतल्या सर्वोत्तम गोलरक्षकासाठीचा सामोरा पुरस्कार मिळाला. पुढे मिकेल आरुआबारेना बचावपटूंना अंगावर घेत झुंजायचा. सेल्ताकडून उसना आलेला खोता डाव्या पायाने अवचित काहीतरी करून जायचा, आणि लेवांतेकडून आलेला होसे लुइस मोरालेस आपल्या वेगाने बाजू फाडायचा. हा मोरालेस पुढे लेवांतेचा कर्णधार झाला. मला या संघाविषयी विशेष वाटते ते हे, की नामांकित म्हणावा असा एकही खेळाडू त्यांच्याकडे नव्हता आणि त्यांनी तशी बतावणीही केली नाही. चेंडू लवकर पुढे टाकायचा, झटापटीत सुटलेल्या चेंडूवर तुटून पडायचे, बाजूने क्रॉस करायचा आणि एक गोल झाला की तो राखायचा, एवढेच त्यांचे सूत्र होते. २५ मे २०१४ रोजी शेजारच्या अलावेसविरुद्ध इपुरुआवर खोताच्या एकमेव गोलाने सामना जिंकला आणि त्याच दिवशी बढती निश्चित झाली. शेवटी ७१ गुणांनी एइबार पहिला, ६९ गुणांनी देपोर्तिवो ला कोरुन्या दुसरा. पहिला आणि सातवा यांत केवळ दहा गुणांचे अंतर होते, यावरून हंगाम किती चुरशीचा होता ते लक्षात यावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्पेनने १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना भागभांडवली क्रीडा कंपनी होण्याची सक्ती केली. क्लब बेफाम खर्च करून कर्जात बुडत होते. मालकी आणि जबाबदारी निश्चित झाली तर शिस्त येईल, हा हेतू होता. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना या चार क्लबांना त्यांचे हिशेब बरे असल्याच्या आधारावर सूट मिळाली. पुढे १९९९ च्या शाही आदेशाने किमान भागभांडवलाचे सूत्र ठरवले. श्रेणीतल्या क्लबांचा सरासरी खर्च काढायचा, त्यातून सर्वाधिक खर्चाचे दोन आणि सर्वांत कमी खर्चाचे दोन क्लब वगळायचे आणि उरलेल्या सरासरीच्या पंचवीस टक्के इतके भांडवल क्लबाकडे असले पाहिजे. या सूत्रातला दोष असा, की क्लबाची गरज त्याच्या स्वतःच्या खर्चावरून मोजली जात नाही, इतरांच्या खर्चावरून मोजली जाते. शेजारी उधळपट्टी करत असतील तर काटकसरी क्लबाने त्यांच्या मापाचे भांडवल उभारावे, असा त्याचा अर्थ होतो.

एइबारचे भांडवल सुमारे सव्वाचार लाख युरो होते आणि कर्ज नव्हते. सूत्रानुसार त्याला आणखी १७,२४,२७२ युरो उभे करायचे होते, तेही ६ ऑगस्ट २०१४ च्या आत. ते न जमल्यास प्रिमेरा तर दूरच, क्लबाला सेगुंदा बे मध्ये जावे लागणार होते. ही धमकी कागदी नव्हती. आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, ग्वादालाखारा या क्लबाला भांडवलवाढीतल्या अनियमिततेमुळे मैदानावरची जागा राखूनही खाली पाठवण्यात आले होते. गंमत म्हणा किंवा विटंबना म्हणा, त्याच वेळी एइबारबरोबर वर जाणारा देपोर्तिवो हा क्लब २०१३ च्या जानेवारीपासून न्यायालयाच्या देखरेखीखालील दिवाळखोरी प्रक्रियेत होता, आणि त्याच्यावरचे देणे दहा कोटी युरोंहून अधिक होते. २००० साली स्पेनचे विजेतेपद मिळवलेल्या त्या मोठ्या क्लबाविषयी मला आकस नाही. फेर्नांदो वास्केस यांनी तुटपुंज्या साधनांत त्या संघाला वर आणले हे कौतुकास्पदच होते, आणि त्याच वास्केस यांना जुलैत पदावरून दूर केले गेले हे तितकेच खटकणारे. परंतु कर्जबाजारी क्लबाला या कलमाची आडकाठी नव्हती आणि कर्जमुक्त क्लबाचा गळा मात्र त्याने आवळला. असे होते तेव्हा नियमाचा हेतू आणि नियमाची अक्षरे यांची फारकत झालेली असते.

क्लबाचे अध्यक्ष आलेक्स अरान्साबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे सोपा मार्ग होता, तो म्हणजे एखादा धनिक शोधून त्याच्या हाती क्लब देणे. त्यांनी तो नाकारला. भाग पन्नास युरोंना एक असा विक्रीला काढला आणि एका व्यक्तीला एक लाख युरोंहून अधिकचे भाग घेता येणार नाहीत अशी मर्यादा घातली, म्हणजे मालकी कोणा एकाकडे जाऊ नये. ‘देफिएंदे अल एइबार’, म्हणजे एइबारचे रक्षण करा, अशी मोहीम सुरू झाली. तरुणपणी इथे उसने खेळून गेलेले शाबी अलोन्सो आणि दाविद सिल्वा तिच्या पाठीशी उभे राहिले. दोघेही तोवर विश्वविजेते झाले होते. गावातल्या लोकांनी भाग घेतलेच, पण जगातल्या कित्येक देशांतून, ज्यांनी इपुरुआ कधी पाहिलेही नव्हते अशा लोकांनीही पन्नास-पन्नास युरो पाठवले. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना उभा राहताना शेतकऱ्याने घेतलेल्या शेअरची आठवण यावी असा हा व्यवहार होता. फरक इतकाच, की इथे ऊस गाळपाला जाण्याचीही हमी नव्हती. लाभांशाची अपेक्षा कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, जुलैतच, रक्कम जमली आणि एइबार प्रिमेरात दाखल झाला.

या गोष्टीचे पुढे परीकथेत रूपांतर झाले, आणि तिथे माझी थोडी तक्रार आहे. जगभरच्या वृत्तपत्रांनी दिलदार चाहत्यांची कथा रंगवली, ती खोटी नव्हती. पण एका निरोगी संस्थेला परक्यांपुढे हात पसरायला लावणारे कलम त्या कौतुकात झाकून गेले. कंपनी होण्याची ती सक्ती काढायला स्पेनला २०२२ चा नवा क्रीडा कायदा येईपर्यंत थांबावे लागले.

तिसऱ्या क्रमांकावर होता बार्सिलोनाचा ‘बे’, म्हणजे राखीव, संघ. एउसेबिओ साक्रिस्तान यांच्या या पोरांमध्ये मुनिर, सांद्रो, देनिस सुआरेस आणि अदामा त्राओरे अशी पुढे गाजलेली नावे होती. राखीव संघाला मूळ संघाच्या श्रेणीत जाता येत नाही, त्यामुळे ६६ गुण मिळवूनही त्यांच्यासाठी हंगाम संपला आणि प्ले-ऑफची दारे सातव्या क्रमांकापर्यंत उघडली. रेआल माद्रिदचा राखीव संघ कास्तिया मात्र त्याच वर्षी खाली गेला, आणि उन्हाळ्यात झिनेदिन झिदान यांनी प्रशिक्षक म्हणून हाती घेतला तो हाच घसरलेला संघ.

सातवा होता कोर्दोबा, ६१ गुणांचा. उपांत्य फेरीत त्यांनी चौथ्या क्रमांकाच्या मुर्सियाला नमवले. दुसरीकडे लास पाल्मासने स्पोर्टिंग हिखोनला हरवले. अंतिम फेरीचा पहिला सामना कोर्दोबात गोलशून्य बरोबरीत सुटला आणि २२ जून २०१४ रोजी दुसरा सामना ग्रान कानारिया बेटावर झाला. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच आपोन्योने लास पाल्मासला आघाडी मिळवून दिली. ती नव्वद मिनिटांपर्यंत टिकली. बारा वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतण्यासाठी बेटाला आता केवळ भरपाई वेळेतील काही मिनिटे काढायची होती. तेवढ्यात प्रेक्षकांतले शेकडो लोक कुंपण ओलांडून मैदानाच्या कडेला, आणि मग थेट मैदानात उतरले. पंचांनी खेळ थांबवला. खेळाडू आणि क्लबाचे पदाधिकारी लोकांना हात जोडून विनवत होते. काही मिनिटांनी मैदान मोकळे झाले, खेळ सुरू झाला आणि कोर्दोबाने केलेल्या अखेरच्या चढाईत चेल्सीकडून उसना आलेला मेक्सिकन खेळाडू उलिसेस दाविला याने जवळून चेंडू जाळ्यात ढकलला. १-१. दोन सामन्यांची मिळून बरोबरी झाली, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ जिंकतो, या त्या वेळच्या नियमाने कोर्दोबा वर गेला. १९७१-७२ नंतर पहिल्यांदा.

खेळ थांबला नसता तर तो गोल झाला नसता, असे लास पाल्मासचे लोक आजही म्हणतात. ते सिद्ध करता येत नाही. पण एखाद्या संघाची एकाग्रता त्याच्याच माणसांनी मोडावी, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी लास पाल्मासने त्याच मैदानावर सारागोसाला २-० हरवले आणि पहिला सामना ३-१ गमावलेला असूनही त्याच परक्या मैदानावरील गोलाच्या नियमाने ते वर गेले.

या संघाशी आपला एक दुवा आहे, आणि खरे तर त्याच वाटेने मी या हंगामापर्यंत आलो. २०१२ पासून लास पाल्मासचे प्रशिक्षक होते सेर्खिओ लोबेरा. मे २०१४ मध्ये, नियमित हंगामाचे अगदी थोडे सामने उरलेले असताना आणि संघ प्ले-ऑफच्या शर्यतीत असताना, क्लबाने त्यांना काढले आणि खोसिको यांच्याकडे सूत्रे दिली. हेच लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले आणि फातोर्ड्याच्या प्रेक्षकांना त्यांनी चेंडू ताब्यात ठेवून खेळणारा, धडाधड गोल करणारा संघ दाखवला. गोव्यानेही त्यांना जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात वर असताना आणि मोजके सामने राहिलेले असताना निरोप दिला. साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड संघाने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली उचलली. पुढच्या हंगामात मुंबई सिटीने लोबेरा यांना बोलावले आणि पहिल्याच वर्षी शील्ड आणि आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) चषक दोन्ही मिळवले. एकाच प्रशिक्षकावर दोन खंडांत एकसारखीच वेळ यावी, हा योगायोग विलक्षण आहे. मुंबईने त्यांना हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहू दिले आणि तिचा तोटा झाला नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

तळाच्या लढतीचा शेवटही पाहण्यासारखा होता. अलावेसचा आघाडीपटू बोर्खा विगेरा याने तब्बल २५ गोल करून श्रेणीत सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, तरीही त्याचा संघ अखेरच्या दिवशी घसरणीच्या काठावर उभा होता. ७ जून रोजी खाएनच्या मैदानावर, जिथे यजमानांनाही टिकण्यासाठी विजय हवा होता, अलावेसने अखेरच्या मिनिटांतल्या गुस्मानच्या गोलाने ३-२ असा सामना जिंकला. खाएन खाली गेला. एर्कुलेसही गेला. त्या क्लबाने २०१० मध्ये प्रिमेरात असताना बार्सिलोनाला कॅम्प नोऊवर हरवले होते, यावर आता विश्वास बसणे कठीण. अलावेस मात्र दोन वर्षांनी वर आला आणि २०१७ मध्ये राजाच्या चषकाची अंतिम फेरी खेळला. गुस्मानचा गोल झाला नसता तर यातले काय घडले असते कोण जाणे.

खाली गेलेल्या चारांत मिरांदेसही होता, पण मैदानावर गमावलेली जागा त्यांना ऑगस्टमध्ये परत मिळाली, कारण प्ले-ऑफ खेळलेल्या मुर्सियाला लीगच्या आर्थिक नियंत्रण विभागाने कराच्या थकबाकीवरून व्यावसायिक श्रेणीतून बाहेर काढले. मुर्सियाने न्यायालयाची दारे ठोठावली, काही काळ नेमके कोण कुठे खेळणार हेच ठरत नव्हते, अखेरीस त्यांना सेगुंदा बे मध्ये उतरावे लागले. ६५ गुण मिळवणाऱ्या खेळाडूंचा यात काय दोष, हा प्रश्न रास्त आहे. तरीही इथे मी नियंत्रकांच्या बाजूचा आहे. पैसे थकवून जमवलेला संघ आणि पैसे चुकवून जमवलेला संघ यांना एकाच तक्त्यात बसवणे हाही अन्यायच असतो. एइबारला लावलेला नियम इतरांच्या खर्चाकडे पाहत होता, मुर्सियाला लावलेला नियम त्यांच्या स्वतःच्या देण्याकडे. मला दोहोंत महत्त्वाचा वाटतो तो हा भेद.

२४ ऑगस्ट २०१४ रोजी एइबारने प्रिमेरातला पहिला सामना इपुरुआवर शेजारच्या रेआल सोसिएदादविरुद्ध खेळला आणि खावी लाराच्या फ्री किकवर १-० असा जिंकला. निम्म्या हंगामात त्यांचे २७ गुण झाले होते आणि ते तक्त्याच्या वरच्या भागात होते. उरलेल्या निम्म्यात मात्र संघ पार कोसळला, फक्त आठ गुणांची भर पडली आणि ३५ गुणांसह अठरावा आल्यामुळे तो खाली जाणार हे ठरले. कोर्दोबा तर वीस गुणांनी सर्वांत शेवटी राहिला. गारितानो यांनी राजीनामा दिला. त्यानंतर जूनमध्ये लीगने तेराव्या क्रमांकावरच्या एल्चेला कर थकवल्याबद्दल दुसऱ्या श्रेणीत पाठवले, आणि ती रिकामी जागा अठराव्या एइबारला मिळाली. त्या जागेवरून त्यांनी प्रिमेरात आणखी सहा हंगाम काढले, २०२१ पर्यंत.